कान

उद्यमनगरच्या आमच्या शेडमध्ये
मुजावर मिस्त्री पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे,
मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
लेथ चालू, घण चालू, शेजारी भट्टीत ओतकाम चालू,
आणि त्या कालव्यातून ते
एकच किरकिर उचलायचे.
"तिसरं बेरिंग," म्हणायचे, "आठ दिवस काढंल."
आठव्या दिवशी दुपारी ते बसायचं.
मी नऊ वर्षांची, हातात ग्रीसचा डबा.

आता मी जे ऐकते तो आवाज नव्हे.
मीटरभर काँक्रीटच्या पलीकडे,
जिथं माणसानं जायचं नाही,
न्यूट्रॉन येऊन डिटेक्टरवर आदळतात.
सगळे सरासरी बघतात. शंभर टक्के आहे ना? चहा घ्या.
मी सरासरी वजा करते.
उरते ती थरथर माझी.
पुस्तकात तिला गोंगाट म्हणतात.

मिस्त्री आता एक्क्याऐंशीचे, बाबूजमालच्या गल्लीत,
आणि बहिरे.
ज्या घणांनी पोट भरलं, त्यांनीच कान खाल्ले.
मी कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते:
गंगावेशीत धारेचं दूध प्यायला गिऱ्हाइकं येतात.
कुणाचं कुणाशी नातं नाही,
तर मिनिटाला जेवढी सरासरी, तेवढंच विचरण.
पण मधेच घोळका, मधेच शुकशुकाट,
असं फार होऊ लागलं, तर समजायचं
ही भावकी आहे, एका आज्याची.
न्यूट्रॉनांचं असंच.
ते वाचून हसले.
"आमच्यात फूट पडली की कोर्ट," म्हणाले.
मी लिहिलं: तिथं फूट पडली की वंश वाढतो.
"मग आवरतंय कोण?"
कॅलेंडरवर जागा उरली नव्हती.

मग खरी गोष्ट काढली.
मार्चपासून साडेतीन हर्ट्झवर एक उंचवटा.
एवढासा. आमचे साहेब म्हणतात केबल खराब असेल.
केबल बदलली. उंचवटा तसाच.
त्यांची सही घेऊन पंधरा मिनिटांची नोंद आणली होती,
शंभरपट वेगानं पळवली की नऊ सेकंद.
छोट्या स्पीकरवर लावली.
नातू म्हणाला, भुंगा हाय.
मिस्त्रींना काहीच नाही.

त्यांनी पेचकस मागितला.
घरात नव्हता. समोरच्या सायकलवाल्याकडून आणला, लाल मुठीचा.
टोक स्पीकरच्या खोक्यावर, मूठ हाडावर, डोळे मिटले.
नऊ सेकंद. पुन्हा नऊ. पुन्हा.
दारात भाजीवाला थांबून गेला.
कितव्यांदा लावलं ते मोजायचं राहिलं.

"दोन हैत," म्हणाले.
मी बोट वर केलं: एकच.
"दोन. जवळजवळच्या. एकमेकीला ढकलत्यात."
तोंड अगदी जवळ नेऊन विचारलं,
किती दिवस काढतील?
ओठ वाचले असावेत.
पेचकस माझ्या हातात दिला.
"ते तुझं तू मोज. मी दिसलेलं मशीन सांगतो."

परत आल्यावर रात्रपाळीत
नोंदीचे तुकडे मोठे केले.
तुकडे मोठे केले की कमी होतात,
कमी झाले की आलेखाची रेघ खरबरीत होते,
आणि खरबरीत रेघेत माणसाला
हवं ते दिसतं.
साडेतीनच्या जरा पुढं
मला दुसरा उंचवटा दिसला.
किंवा मुजावर मिस्त्रींनी दिसायला लावला.

छातीवरचा डोस मोजणारा बिल्ला सरळ केला,
साहेबांना निरोप लिहिला:
एक असेल, दोन असतील.
अजून चार रात्रींची नोंद हवी.
खाली सही. वेळ तीन दहा.
पंप चालू होते सगळे.
पेचकस सायकलवाल्याला द्यायचा राहिला,
तो माझ्या पिशवीत आहे.